‘माझाच कॉम्प्युटर आणि मलाच बंदी?’

“काही नाही काका, परमिशनचा घोळ होता. एव्हरीवनला फुल कंट्रोल दिला, उघडलं फोल्डर.”

पावसाळ्यात फुगून बसलेलं दार खांद्याने ढकलून उघडल्यावर माणूस जसा हात झटकत मागे वळतो, त्या सुरात हे वाक्य म्हटलं जातं. सांगली-मिरजेकडच्या छोट्या ऑफिसांचे आणि घरांचे कॉम्प्युटर बघण्यात माझी वीसेक वर्षं गेली. हे वाक्य कानावर पडलं की मी चहा नको म्हणतो. आज इथून लवकर सुटका नाही, हे तेव्हाच कळलेलं असतं.

बोलणारा अडाणी असता तर मला एवढा राग आला नसता. तो चांगला हुशार असतो, आणि त्याच्यामागे एक अख्खं तत्त्वज्ञान उभं असतं. कॉम्प्युटर मी माझ्या पैशाने घेतला. पासवर्ड माझा, अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटरचं. मग माझ्याच डिस्कवरचं फोल्डर मलाच ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतं म्हणजे काय? हा कंपनीचा माज आहे. राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, ओनर बदला, खालच्या सगळ्या फोल्डरांना लागू करा, ओके. पाच मिनिटांचं काम. जो कचरतो तो भित्रा. त्याहून पुढारलेली मंडळी रेजिस्ट्रीत चार ओळी घालून राइट क्लिकच्या यादीतच ‘टेक ओनरशिप’ बसवून घेतात, म्हणजे विचार करायला ती पाच मिनिटंसुद्धा मिळायला नकोत.

पटतं ना? स्वाभिमानाचा प्रश्न म्हटल्यावर आपल्याला पटायलाच हवं.

आधी ती सिक्युरिटीची खिडकी वाचू या. खालची बटणं सगळ्यांना पाठ असतात, वरची यादी कोणी वाचत नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी सातबारा हातात धरलाय त्याला ती अवघड जाऊ नये. मालकाचं नाव आहे. कोणाला कसले हक्क तेही आहे: याला वाचता येईल, त्याला लिहिता येईल, अमक्याला नुसतं डोकावता येईल, तमक्याला साफ मनाई. वरच्या फोल्डरकडून वारसाने आलेले हक्क वेगळे दाखवलेत, इथेच दिलेले वेगळे. मायक्रोसॉफ्टने १९९३ साली विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस ही डिस्कवर फाईली मांडायची पद्धत आणली, तेव्हापासून तिथल्या प्रत्येक फाईलीचा आणि फोल्डरचा असा उतारा असतो. घरगुती विंडोज ९५ आणि ९८ मध्ये तो नव्हता, कारण तिथली फॅट पद्धत असले हक्क लिहूनच ठेवत नसे. कोणीही यावं, काहीही पुसावं. आमची पिढी त्या माळरानावर कॉम्प्युटर शिकली, आणि ‘मला कोण अडवणार’ हा रुबाब तिथूनच आला असावा असा माझा संशय आहे.

आता विंडोज फोल्डरमधल्या एखाद्या सिस्टिम फाईलीचा उतारा काढा. मालकाच्या जागी तुमचं नाव नाही, ॲडमिनिस्ट्रेटरचंही नाही. तिथे आहे ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’. हा कोण उपटसुंभ? अमेरिकेत बसून तुमच्या डिस्कवर नजर ठेवणारा कोणी साहेब? विंडोजचे स्वतःचे भाग बसवणारी आणि बदलणारी ती एक सर्व्हिस आहे, तुमच्याच मशिनवर चालणारी. २००७ साली घरोघरी आलेल्या विस्टापासून ही मालकी तिच्याकडे आहे. का दिली, ते नव्वदच्या दशकात ज्यांनी प्रिंटर बसवले त्यांना विचारा. प्रत्येक सेटअप आपल्याबरोबर सामायिक डीएलएल फाईलींची स्वतःची प्रत आणायचा, बऱ्याचदा जुनी, आणि सिस्टिमच्या फोल्डरातल्या नव्या प्रतीच्या उरावर बसवायचा. प्रिंटर चालू व्हायचा आणि दुसरंच काहीतरी बंद पडायचं. ‘डीएलएल हेल’ म्हणत त्याला, आणि तो नरक आम्ही खरोखर भोगलाय. विंडोज २००० ने त्यावर उपाय काढला: बदललेली फाईल गुपचूप मूळची आणून ठेवायची. विस्टाने त्याच्या पुढे जाऊन सांगितलं, बदलूच द्यायची नाही. कुलूप त्या सेटअपच्या सीडीला लावलं होतं. तुम्ही ते मनाला का लावून घेतलंत?

“पण मी सीडी नाही, मी मी आहे!”

सगळी गडबड इथेच आहे. कॉम्प्युटरला तुम्ही दिसत नाही. तुमचा चेहरा, तुमचा चष्मा, तुमचं सचोटीचं आयुष्य यातलं त्याला काही माहीत नाही. त्याला दिसतात ते तुमच्या नावाने चालणारे प्रोग्रॅम. ब्राउझर तुमच्या नावाने चालतो. ईमेलने आलेलं, कोणी पाठवलं ते नक्की न कळलेलं ‘इन्व्हॉइस’ तुमच्याच नावाने उघडतं. मुलाने कुठून तरी उतरवलेला गेम तुमच्या नावाने, मित्राने पेन ड्राइव्हवर दिलेलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर तुमच्या नावाने. उताऱ्यावर स्वतःच्या नावापुढे ‘फुल कंट्रोल’ लिहिताना तुम्ही या सगळ्या वरातीला कुलमुखत्यारपत्र करून देत असता, आणि तेही अजून वरातीत सामील न झालेल्या पाहुण्यांसकट.

आणि ॲडमिनिस्ट्रेटर असल्याची जी टिमकी वाजवली जाते तिचं काय? विस्टापासून ॲडमिनिस्ट्रेटरलाही रोजच्या कामाला साधा बिल्लाच मिळतो. मोठे अधिकार वापरायची वेळ आली की पडदा काळवंडतो आणि ‘येस की नो’ विचारलं जातं. लोक या प्रश्नावर वैतागतात. पण तोच एक क्षण असा असतो, की तुमच्या नावाने कोणी वेगळाच काहीतरी करू बघतोय हे तुम्हाला कळतं. उताऱ्यावर तुमचं नाव थेट चढलं की त्या फोल्डरपुरता प्रश्न विचारायचं कारणच उरत नाही. साध्या बिल्ल्यावर चालणारा कुठलाही प्रोग्रॅम सरळ आत जातो. फोल्डर उघडताना येणाऱ्या त्या छोट्या खिडकीत ‘कंटिन्यू’ दाबा असं लिहिलेलं असतं, त्याच वाक्यात ‘परमनंटली’ असा शब्द आहे. आजवर तो वाचलेला माणूस मला भेटायचाय. आपण एकदाच आत डोकावून येतोय असं दाबणाऱ्याला वाटतं, आणि उताऱ्यावर कायमची नोंद पडते.

‘एव्हरीवन’ तर त्याहून थोर. सातबाऱ्यावर ‘समस्त जनता’ अशी नोंद कोणी करून घेईल का?

एक प्रसंग जवळून दाखवतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, मिरजेतल्या एका करसल्लागाराचं ऑफिस. तक्रार अशी, की रात्रीचा बॅकअप पुरा होत नाही, मध्येच ‘इन्सफिशियंट मेमरी’ असा संदेश येतो. माझ्याआधी ज्याने बघितलं त्याने, मेमरी कमी पडते म्हणतोय तर वाढवू या, असं म्हणून आठ जीबीची रॅम घातली आणि बिल दिलं. त्या रात्री पुन्हा तोच संदेश. मी काळी खिडकी उघडून बॅकअपची बॅच फाईल हाताने चालवली आणि बघत बसलो. ॲपडेटा, लोकल, ॲप्लिकेशन डेटा. मग त्याच्या आत ॲप्लिकेशन डेटा. त्याच्या आत ॲप्लिकेशन डेटा. पत्ता लांबत लांबत खिडकीच्या कडेला मोडून खालच्या ओळीवर आला, तीही भरली, आणि मग मेमरीचं रडगाणं. त्या बॅचमध्ये एक्सकॉपी ही जुनी कमांड होती. अडीचशेहून थोड्या जास्त अक्षरांचा पत्ता समोर आला की तिला तो पेलत नाही, आणि ती खापर मेमरीवर फोडते. रॅम बिचारी निर्दोष होती.

हे ‘ॲप्लिकेशन डेटा’ म्हणजे फोल्डर नसतंच. एक्सपीच्या काळातल्या प्रोग्रॅमना जुने पत्ते माहीत होते आणि विस्टाने सगळ्यांची घरं हलवली. म्हणून जुन्या पत्त्यांवर पाट्या लावल्या: आम्ही इकडे राहायला गेलो आहोत. या पाटीला जंक्शन म्हणतात. सी ड्राइव्हवर दिसणारं ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ हीसुद्धा पाटीच आहे, ‘युजर्स’कडे बोट दाखवणारी. ‘लोकल’च्या आतली ‘ॲप्लिकेशन डेटा’ ही पाटी तर ‘लोकल’कडेच बोट दाखवते, म्हणजे ज्या घरात टांगलीय त्याच घराकडे. तिच्यातून आत शिरलात की पुन्हा अंगणात. हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिच्या उताऱ्यावर मनाईची एक ओळ आहे: आतली यादी कोणालाच बघता येणार नाही. नेमका पत्ता घेऊन आलेला जुना प्रोग्रॅम तिच्यातून पार जातो. ‘आत काय काय आहे?’ असं विचारणारा मात्र दारातच थांबतो. इतकी नाजूक योजना मी सरकारी खात्यातही पाहिली नाही.

करसल्लागारांच्या भाच्याला ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ उघडत नाही याचा अपमान वाटला. त्याने एक व्हिडिओ पाहिला आणि तिथल्या आणि ‘युजर्स’च्या आतल्या साऱ्या मनाईच्या ओळी पुसून टाकल्या. उघडलं फोल्डर. आत काय सापडलं? शेजारी ‘युजर्स’ या नावाने आधीपासून उघडंच असलेलं फोल्डर. आणि बॅकअप? तो त्या रात्रीपासून ‘ॲपडेटा’मध्ये गरगरून तिथेच मरत होता. वर्णक्रमाने नंतर येणाऱ्या ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’पर्यंत तो पाच महिन्यांत एकदाही पोहोचला नव्हता. पक्षकारांची विवरणपत्रं कुठे होती म्हणता? डेस्कटॉपवर. सगळ्यांची तिथेच असतात.

‘मी कितीदा तरी केलंय, मला काही झालं नाही’ असं जे छाती काढून सांगतात त्यांच्यासाठी नोंद: पाच महिने त्या ऑफिसलाही काही झालं नव्हतं.

दुसरी हाकाटी जागेची. सी ड्राइव्ह लाल झाला की लोक आकार मोजायला निघतात आणि ‘विनएसएक्सएस’ हे फोल्डर त्यांच्या डोळ्यांत भरतं. इतके जीबी, आणि हात लावू देत नाही! घ्या मालकी, करा डिलीट. आता या फोल्डरातल्या बऱ्याच फाईली म्हणजे हार्ड लिंक. डिस्कवर फाईल एकच, नावं दोन ठिकाणी, आणि एक्सप्लोरर दोन्हीकडे मोजतो. एका माणसाचं नाव दोन मतदारयाद्यांत सापडलं म्हणून गावची लोकसंख्या वाढत नाही. तिथली खरोखरची अडगळ काढायला डिस्क क्लीनअपमध्ये विंडोज अपडेटची चौकट आहे, डिझम ही कमांड आहे. पण तिथे मालकी गाजवायला मिळत नाही, ही अडचण. ‘विंडोज’मधलं ‘इन्स्टॉलर’ फोल्डरही असंच साफ होतं, आणि मग सहा महिन्यांनी एखादं सॉफ्टवेअर ना दुरुस्त होत ना निघत, कारण त्यासाठी लागणारी फाईल तुम्ही कचरा म्हणून काढलेली असते. राहता राहिलं ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’. त्यात रिस्टोअर पॉइंट असतात, फाईलींच्या शॅडो कॉपी असतात. जागा जास्त खात असेल तर सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये मर्यादा कमी करायची पट्टी आहे, माउसने सरकवा. ते सोडून आत हात घालून उपटायचं कशाला?

“एवढं काय, बिघडलं तर परत पहिल्यासारखं करू.”

करा बरं. सातबाऱ्यावर नाव बदललं तर जुन्या मालकाचं नाव कंसात राहतं, फेरफाराचा क्रमांक राहतो, गाव नमुना सहामध्ये नोंद राहते. तलाठ्याच्या दप्तराला आपण नावं ठेवतो, पण आजोबांच्या काळात काय होतं ते तिथे निघतं. विंडोजच्या उताऱ्यावर कंस नाही. नवं नाव लिहिलं की जुनं गेलं, आणि ‘खालच्या सगळ्यांना लागू करा’ म्हटलं असेल तर हजारो फाईलींवरून एका फटक्यात गेलं. प्रत्येकीचे हक्क सारखे असते तर गोष्ट वेगळी, ते सारखे नसतात. व्हिडिओवाले मग हक्कांच्या कमांडचं ‘आयकॅकल्स रीसेट’ सांगतात. ते वरच्या फोल्डरकडून वारसाने येणारे हक्क लावून देतं. मूळचे कोणते होते हे त्याला कसं कळावं? ‘एसएफसी स्कॅननाऊ’ खराब सिस्टिम फाईली दुरुस्त करते, तुम्ही डिस्कभर वाटलेले हक्क गोळा करत फिरत नाही. हक्कांची नक्कल आधी जतन करून ठेवायची सोय आयकॅकल्समध्येच आहे, पण तीत मालकाचं नाव उतरत नाही. शिवाय ‘आधी’ हा शब्द त्या व्हिडिओंमध्ये मी अजून ऐकलेला नाही.

मग शेवटचं हत्यार निघतं: हे सगळं मायक्रोसॉफ्टचं कारस्थान आहे, ग्राहकाला ताब्यात ठेवायचं. ठीक. कंपनीची मालकी जिथे नाही त्या लिनक्सवर जाऊ. तिथे कोणी वैतागून मुळापासून ‘चमॉड ७७७’ चालवलं, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं केलं, तर काय होतं? दूरच्या मशिनवर शिरायचं एसएसएच तुमची खाजगी किल्ली वापरायलाच नकार देतं, ती जगजाहीर झालीय म्हणून. मोठे अधिकार तात्पुरते मिळवून देणाऱ्या सुडूचा स्वतःचा खास अधिकाराचा शिक्का पुसला जातो आणि ती कमांड हात वर करते. ॲपलने २०१५ साली एल कॅपिटनमध्ये मॅकच्या सिस्टिम फोल्डरांना असं संरक्षण घातलं, की सर्वाधिकारी रूटलासुद्धा ते सहज बदलता येत नाहीत. एवढी मोठी एकजूट कारस्थानवाल्यांची? कामापुरतेच अधिकार हातात द्यावेत हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी आपल्या निबंधात मांडलं ते १९७५ साली. बिल गेट्स आणि पॉल ॲलन त्याच वर्षी कंपनी काढत होते, कुलपं लावायला त्यांच्याकडे दार नव्हतं.

सगळं सगळ्यांना खुलं झालेलं नेमकं कोणाला हवं असतं तेही बघा. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातले कॉम्प्युटर ओलीस धरले. तो नेटवर्कमधल्या भगदाडातून शिरला, परमिशनच्या चुकीमुळे नाही, आणि त्या भगदाडाची डागडुजी मार्चमध्येच आली होती, हे मान्य. माझा रोख त्याने आत बसल्यावर काय केलं त्यावर आहे. त्याने आयकॅकल्स चालवलं: ग्रँट, एव्हरीवन, एफ. एफ म्हणजे फुल. आपण बसलोय त्या फोल्डरपासून खालच्या सगळ्याला. आणि पुढे शॅडो कॉपी पुसल्या, म्हणजे कोणाला काही परत मिळायला नको. आता वरचा जागेचा मुद्दा पुन्हा वाचा, आणि सुरुवातीचं ते ‘काही नाही काका’वालं वाक्यही. दरोडेखोराला ज्यासाठी कमांड लिहावी लागली, ते आपण रविवारी दुपारी हौसेने करून ठेवतो आणि वर काकांना फोन करून सांगतो.

एक जागा मी सोडतो, एकच. जुना लॅपटॉप मेला, त्याची डिस्क काढून नव्या मशिनला जोडली, आणि फोल्डरवर मालक म्हणून ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसतोय. ते तुमचंच जुनं अकाउंट आहे. नवं मशिन त्याला ओळखत नाही. तिथल्या तुमच्या फोटोंची, कागदपत्रांची मालकी खुशाल घ्या, त्यासाठीच ती सोय आहे. त्यातही फाईली एनक्रिप्ट केलेल्या असतील तर मालकी मिळून उपयोग नाही, किल्लीच लागेल. आणि नुसती नक्कल हवी असेल तर रोबोकॉपी या कमांडला बॅकअपच्या रीतीने, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. ती उताऱ्याला हात न लावता वाचते. पण ‘विंडोज’, ‘प्रोग्रॅम फाईल्स’, ‘विंडोजॲप्स’ या घरच्या चालत्या फोल्डरांना हा अपवाद लावू नका. ती मेलेल्या मशिनची इस्टेट नाही. ती रोज कामावर जाणारी माणसं आहेत.

तेव्हा मशिन तुमचं आहे, त्यात वाद नाही. विका, फोडा, पाट्यासारखं वापरून त्यावर चटणी वाटा. पण ते चालू असताना त्यातल्या प्रत्येक फाईलीवर तुमच्या नावाचा हक्क म्हणजे तुमच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक उपटसुंभाचा हक्क, आणि तो तुम्ही कोणाला देताय हे देताना तुम्हालाही माहीत नसतं. यात मी तसूभर मागे हटणार नाही. मला भित्रा म्हणा. मी येईन तेव्हा बॅकअप तपासून दाखवा आणि मग म्हणा.

परवा करसल्लागारांच्या भाच्याचा फोन आला होता. आता पुण्याला शिकतो. नवा लॅपटॉप घेतलाय.

“काका, यात ते विंडोजॲप्स फोल्डर उघडत नाहीये.”

“आत काय हवंय तुला?”

“काही नाही. उघडत नाही ना, म्हणून.”